सहा रेझिस्टन्स, दीड वॉटची ताकद, तरी एक काळा का पडला?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. घरी १०० ओहम, पाव वॉटच्या रेझिस्टन्सची अख्खी पट्टी पडलेली आहे, दुसरी कुठलीच किंमत (म्हणजे ओहमचा आकडा) नाही. एलएम३१७ ही व्होल्ट स्थिर ठेवणारी चिप वापरून ७ व्होल्टचा सप्लाय बनवलास. त्यावर १०० मिलिअँपिअरचा लोड (करंट ओढणारं ओझं) टाकून बघायचा, म्हणजे ७० ओहम हवेत. कागदावर खटपट करून सहा नगांत बरोब्बर ७० आणलेस. पाव वॉटचे सहा म्हणजे दीड वॉट. खर्च होणार ०.७ वॉट. निम्म्याहूनही कमी. तरी पाच मिनिटांत एक नग काळवंडला, वास सुटला आणि बाकीचे पाच जवळजवळ गार. ‘सर, नग खराब होता का?’

नग चांगला होता. पट्टीतला दुसरा कुठलाही त्या जागी लावला असतास तर तोही जळला असता. ७० ची आकडेमोड बरोबर आहे, चुकली ती वॉटची बेरीज. सहा जण मिळून दीड वॉट पेलतात ते सहाही जण सारखं ओझं उचलत असतील तरच. जत्रेत पालखीला सहा खांदे लागले, पण त्यातला एकच उंच आणि बाकीचे पाच बुटके असले, तर भार कोणाच्या खांद्यावर येतो ते तू गोव्यातल्या साखळी गावचा असल्यामुळे तुला सांगायला नको.

तुझी जोडणी अशी आहे. एक १०० चा नग थेट सप्लायच्या दोन टोकांमध्ये. त्याला पॅरलल एक दुसरी वाट, तिच्यात आधी दोन नग एकामागोमाग, मग तीन नगांचा पॅरलल झुबका. (पुस्तकात एकसर आणि समांतर जोडणी असं असतं. म्हापशाच्या माझ्या दुकानात २८ वर्षांत ते कोणी उच्चारलेलं ऐकलं नाही, म्हणून मी सिरीज-पॅरललच म्हणतो.) दुसरी वाट २०० अधिक ३३.३, म्हणजे २३३.३ ओहमची, ती १०० ला पॅरलल, झाले ७०.

आता करंट मोज. थेट लावलेल्या नगावर पूर्ण ७ व्होल्ट, म्हणजे ७० मिलिअँपिअर, म्हणजे ०.४९ वॉट. पाव वॉटच्या नगावर जवळजवळ दुप्पट. दुसऱ्या वाटेने उरलेले ३० मिलिअँपिअर जातात. तिथल्या दोन सिरीज नगांवर प्रत्येकी ३ व्होल्ट, म्हणजे ०.०९ वॉट. शेवटच्या तिघांवर १ व्होल्ट, प्रत्येकातून १० मिलिअँपिअर, ०.०१ वॉट. त्या तिघांना आपण कामाला आहोत हेही कळत नसेल.

एकूण ०.७० पैकी ०.४९ एकट्याच्या डोक्यावर. सूत्रं घासत बसलास तर हे दरवेळी शेवटी कळतं, आणि तोवर वास सुटलेला असतो. म्हणून मी पोरांना सूत्राआधी लाद्या घालायला शिकवतो.

प्राथमिक शाळेतली चौकटीची वही घे. ७ चौकटी उंच, १० चौकटी रुंद असा आयत काढ. उंची म्हणजे व्होल्ट, एक चौकट १ व्होल्ट. रुंदी म्हणजे करंट, एक चौकट १० मिलिअँपिअर. १ व्होल्टला १० मिलिअँपिअर जातात ते १०० ओहममधून, म्हणजे आपला एक नग. नगावर ३ व्होल्ट आले तर ३० मिलिअँपिअर, ७ आले तर ७०. उंची वाढली तेवढीच रुंदी वाढते. म्हणजे प्रत्येक नग ही एक चौरस लादी. लहान-मोठी कितीही असो, चौरसच. आणि तुझं काम म्हणजे ७ बाय १० ची खोली फक्त चौरस लाद्यांनी भरायची, फट न ठेवता आणि लादीवर लादी न चढवता. शेजारी-शेजारी ठेवलेल्या लाद्या पॅरलल, एकाखाली एक ठेवलेल्या सिरीज.

गवंडी काय करील? सगळ्यात मोठी बसेल ती लादी आधी टाकील. ७ बाय ७ ची एक. उरली ७ उंच, ३ रुंद पट्टी. तिच्यात ३ बाय ३ च्या दोन, एकाखाली एक. उरली १ उंच, ३ रुंद चिंचोळी फट. तिथे १ बाय १ च्या तीन. एक, दोन, तीन, मिळून सहा लाद्या. हीच तुझी जोडणी! तू कागदावर केलंस ते नकळत युक्लिडच्या मसावि काढायच्या रीतीने केलंस. ७० ला १०० ने छेद दिला की ७/१०. १० मधून ७ एकदा जातो, उरतात ३. ७ मधून ३ दोनदा जातो, उरतो १. ३ मधून १ तीनदा. भागाकारांची बेरीज म्हणजे नगांची संख्या. १०० च्या नगांतून ओहमचा कुठलाही अपूर्णांकी पट या रीतीने निघतोच निघतो.

पण मला लाद्या आवडतात त्या दुसऱ्याच कारणासाठी. एक चौकट म्हणजे १ व्होल्ट गुणिले १० मिलिअँपिअर, म्हणजे १० मिलिवॉट. लादीचं क्षेत्रफळ हीच तिची उष्णता. मोठ्या लादीत ४९ चौकटी: ४९० मिलिवॉट. मधल्यांत ९: ९० मिलिवॉट. बारक्यांत १: १० मिलिवॉट. वर जे गुणाकार करून काढलं ते वहीत नुसतं दिसतं. पाव वॉट म्हणजे २५ चौकटी, म्हणजे ५ बाय ५ हून मोठी लादी दिसली की समज, तिथे धूर निघणार.

ही युक्ती माझी नव्हे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या ब्रूक्स, स्मिथ, स्टोन आणि टट या चार विद्यार्थ्यांनी आयताचे एकमेकांहून वेगळ्या आकाराचे चौरस कसे पाडता येतील याचा छडा लावताना हा विजेचा संबंध वापरला आणि १९४० मध्ये छापला. त्यांना नग जळण्याची चिंता नव्हती, उलट दिशेने जायचं होतं: चौरसांसाठी सर्किट. त्याआधी १९०३ मध्ये मॅक्स डेन यांनी सिद्ध केलं होतं की आयताच्या दोन बाजूंचं गुणोत्तर पूर्णांकांत मांडता येत नसेल तर मोजक्या चौरसांनी तो भरताच येत नाही. आपल्या भाषेत: १०० च्या नगांतून १४१.४२१३... असा वर्गमूळ दोनचा पट नेमका कधीच मिळणार नाही, कितीही नग ओत. १४० मात्र पाच नगांत मिळतो, आणि दुकानात तेवढ्यावर भागतं.

आता तुझ्या खोलीकडे. पाच नगांत ७० होतं का, असंही तू शेवटी विचारलंयस. नाही. सिरीज-पॅरललने चार सारख्या नगांतून ९ वेगवेगळ्या किमती निघतात, पाचांतून २२, आणि त्यांत ७० नाही. सहांतून ५३ निघतात, त्यांत आहे. तेव्हा नगांच्या संख्येत तू कुठे चुकलेला नाहीस. फक्त कमीत कमी नग हा इथे मागायचा वरच नव्हे. पट्टीत शंभर नग पडले आहेत, वाचवून करणार काय?

सात नगांचा एक पर्याय पाहा. ५० अधिक २० बरोबर ७०. ५० म्हणजे दोन नग पॅरलल, २० म्हणजे पाच नग पॅरलल, दोन्ही झुबके सिरीज. लाद्यांत सांगायचं तर वरच्या ओळीत ५ बाय ५ च्या दोन, खालच्या ओळीत २ बाय २ च्या पाच. सगळ्यात मोठी लादी ४९ वरून २५ चौकटींवर आली. बरोबर पाव वॉट. छापील मर्यादेला चिकटून. मी असं चालवत नाही. पाव वॉट हा आकडा नग उघड्यावर, पाय व्यवस्थित जोडलेले, असं धरून दिलेला असतो, आणि पूर्ण पाव वॉटवर नग बोटाला चटका देण्याइतका तापतो. माझा नियम निम्म्याचा: पाव वॉटच्या नगावर साडेबारा चौकटींपेक्षा मोठी लादी नको.

हा नियम पाळून नेमके ७० हवे असतील तर तुझ्याच जोडणीतली मोठी लादी फोड. ७ बाय ७ च्या जागी साडेतीन बाय साडेतीनच्या चार. म्हणजे त्या एका नगाऐवजी चार नग: दोन-दोनच्या सिरीज जोड्या, त्या दोन जोड्या पॅरलल. किंमत १०० च राहते, ओझं चौघांत सारखं वाटलं जातं. प्रत्येक लादी १२.२५ चौकटी, म्हणजे १२२.५ मिलिवॉट. एकूण नऊ नग, एकही निम्म्यावर जात नाही. तापणाऱ्या एका नगाच्या जागी त्याच किमतीच्या चौघांचा चौकोन बसवायचा, ही तोड लक्षात ठेव. तीन बाय तीन केलंस तर नऊपट वॉट, ओहम तेवढेच.

आणि आता खरं सांगतो, मी तुझ्या जागी असतो तर यातलं काहीच केलं नसतं. तुझेच सहा नग घेऊन दोन-दोनच्या तीन सिरीज जोड्या केल्या असत्या आणि तिन्ही पॅरलल लावल्या असत्या. २०० भागिले ३, म्हणजे ६६.७ ओहम. करंट १०० ऐवजी १०५ मिलिअँपिअर. सहाही लाद्या साडेतीन बाय साडेतीनच्या, प्रत्येकावर १२२.५ मिलिवॉट. नग तेच, संख्या तीच, पण सगळे सारखे कोमट. सप्लाय १०० ला टिकतो का १०५ ला, याने तुझ्या प्रयोगात काय फरक पडतो? १०५ ला टिकला तर १०० ला टिकलाच.

तसाही तुझा ७० हा ७० नव्हताच. नगावरच्या रंगीत पट्ट्यांतला चौथा सोनेरी असणार, म्हणजे किंमत ५ टक्के इकडे-तिकडे. यातली एक सोयीची गोष्ट अशी की सगळे नग ५ टक्क्यांच्या आत असतील तर कशीही जोडणी केली तरी उत्तर ५ टक्क्यांच्या आतच राहतं, चूक वाढत नाही. पण घटेलच असंही नाही. दहा नग जोडले की कमी-जास्त एकमेकांत फिटून जातं असं पोरं समजतात. वेगवेगळ्या जागचे नग असतील तर काही अंशी खरं. एकाच पट्टीतले सहसा सगळे एकाच बाजूला झुकलेले असतात. परवा मी माझ्या डब्यातल्या एका पट्टीचे दहा नग मोजले, सगळे ९८.४ ते ९८.९ च्या मध्ये. अशा पट्टीतून ६६.७ ची जोडणी केलीस तर पदरात ६५.७ पडतील.

हा एकसारखेपणा दुसरीकडे मात्र सोन्यासारखा कामाला येतो. नग १०० चे आहेत की ९८.६ चे याची पर्वा नाही, पण गुणोत्तर नेमकं हवं आहे, अशा जागी. दहा सारखे नग सिरीजमध्ये लावले तर दहापट, तेच दहा पॅरलल लावले तर दशांश. दोघांत १०० पटींचं अंतर. नगांमध्ये आपापसात १ टक्क्याचा फरक असला तरी हे १०० चं गुणोत्तर सुमारे ०.०१ टक्क्यापर्यंत टिकतं, कारण पहिल्या फेरीच्या चुका दोन्हीकडे सारख्याच येऊन कटतात आणि उरतो तो चुकीचा वर्ग. हॅमन यांनी १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियात यावरच मोजमापाच्या प्रयोगशाळांसाठी पेटी बनवली. तुला आत्ता गरज नाही, पण ‘सारखेच नग कशाला वापरायचे’ असं जे तू वैतागून लिहिलंस त्याचं हे एक उत्तर.

लाद्या घालताना एक खोड मात्र ध्यानात ठेव. मोठ्यात मोठी लादी आधी टाकायची रीत उत्तर नक्की देते, पण दरवेळी कमीत कमी नगांचं देईल असं नाही. ८३.३ ओहम, म्हणजे ५ बाय ६ ची खोली घे. रीतीने गेलास तर ५ बाय ५ ची एक आणि कडेला १ बाय १ च्या पाच, एकूण सहा. पण वर ३ बाय ३ च्या दोन आणि खाली २ बाय २ च्या तीन टाकल्या तर पाचांतच भरते: ५० अधिक ३३.३. शिवाय ३० पैकी २५ चौकटी एकावर येत होत्या, त्या ९ वर आल्या. नगही कमी, तापही कमी.

आता जोडायचं कशावर. तू ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भोकांत पाय खोचायचा बोर्ड) वापरलास. डिसेंबरात चालून जाईल. जून-जुलैत आपल्याकडे ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या खाऱ्या दमट हवेने काळ्या पडतात आणि एकेक भोक स्वतःच एक लहानसा रेझिस्टन्स होऊन बसतं. झुबक्यातल्या तीन नगांपैकी एकाचा पाय नीट टेकला नाही तर किंमत बदलते आणि तुला वाटतं गणित चुकलं. स्वस्त नगांचे पाय तांब्याचा मुलामा दिलेले लोखंडी असतात, चुंबक लावून बघ, चिकटेल. कापलेल्या टोकाला एका पावसाळ्यात गंज धरतो. तेव्हा लोडची जोडणी वेरोबोर्डवर (भोकं आणि तांब्याच्या पट्ट्यांचा बोर्ड) सोल्डर कर, आणि नग बोर्डाला चिकटवून बसवू नकोस, पाय थोडे लांब ठेवून वर उचललेले असू देत. खालून हवा खेळली पाहिजे.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. दुकान टाकून दोन-तीन वर्षं झाली होती, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली, भजनी मंडळांचे अँप्लिफायर दुरुस्तीला रांगेत. १०० वॉटचा सेट तपासायला स्पीकरऐवजी ८ ओहमचा लोड हवा होता. डब्यात ३३ ओहम, १० वॉटचे सिमेंटचे पांढरे नग होते. चार पॅरलल लावले की ८.२५ ओहम होतात, पण वॉट फक्त ४०. म्हणून सोळा घेतले: दोन-दोनच्या आठ सिरीज जोड्या, आठही पॅरलल. ओहम तेवढेच, वॉट १६०. प्रत्येकावर ६ वॉटच्या आसपास येणार, मर्यादा १० ची. लाद्या सगळ्या सारख्या, गणितात खोट काढायला जागा नाही. आणि मी ते सोळाच्या सोळा दाटीवाटीने एका प्लायवूडच्या फळीवर आवळून बसवले, दिसायला छान म्हणून. वीस मिनिटांनी मधल्या नगांखालची फळी कोळशासारखी झाली होती. कडेच्यांना हवा होती, मधले एकमेकांना भाजत होते. १० वॉट हा आकडा एकट्या नगाचा असतो, शेजाऱ्यांनी घेरलेल्या नगाचा नव्हे. आता तेच सोळा नग स्टीलच्या जुन्या परातीत, दोन नगांत बोटभर अंतर सोडून बसवले आहेत, आणि लोड लावला की बाजूला टेबलफॅन चालू.

तुझ्या ०.७ वॉटला पंखा लागणार नाही, पण नऊ नगांचा चौकोन करणार असशील तर एक-एक ओळ सोडून बसव.

आणि शुक्रवारी बाजाराला म्हापशाला येणार असशील तर ६८ ओहम, २ वॉटचा एकच नग घेऊन जा, चहापेक्षा स्वस्त पडेल. ६८ ही ठरावीक किमतींच्या यादीतली किंमत आहे, सगळीकडे मिळते. ७० त्या यादीतच नाही, म्हणून तुला दुकानदाराने ‘नाही’ म्हटलं. ६८ वर ७ व्होल्टला १०३ मिलिअँपिअर. ०.७२ वॉट, २ च्या मानाने आरामात.

नवीन जोडणी लावण्यापूर्वी सप्लाय काढून मल्टिमीटरने ओहम बघ. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकांना टेकवून शून्याऐवजी काय दाखवतो (समज ०.३ ओहम) ते बघून वजा कर. ७० ला ते ०.३ कुठे लागत नाही, ८ ओहमच्या लोडला लागतं. मग सप्लाय लावून प्रत्येक नगावरचे व्होल्ट मोज. सहाच्या जोडणीत सगळ्यांवर साडेतीन आले पाहिजेत. एखाद्यावर पूर्ण ७ दिसले, तो तापलेला, आणि त्याच्या जोडीदारावर शून्य, तर जोडीदाराच्या पायांत सोल्डरचा पूल झाला आहे. एका जोडीतला एक ७ दाखवतो, दुसरा शून्य, पण दोघेही गार, तर ७ वाल्याचा पाय सुटला आहे.

तो काळा पडलेला नग मात्र पट्टीच्या डबीत परत टाकू नकोस. मीटरवर ९९ दाखवेलही. आतली कार्बनची फिल्म एकदा भाजली की किंमत कधी सरकेल याचा नेम नाही, आणि सहा महिन्यांनी तोच तुझ्या हाताला लागेल. दोन्ही पाय कापून टाक आणि मग फेक.